मूळव्याधीच्या नावाखाली

धुळ्याहून साक्रीकडे निघा, जळगावहून चोपड्याकडे निघा, नाहीतर भुसावळहून रावेरकडे. गाव संपता संपता एखादी भिंत दिसतेच. चुन्यावर निळ्या-लाल अक्षरांत लिहिलेले असते : ‘मूळव्याध, भगंदर, फिशर. ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज.’ खाली मोबाइल नंबर. इलाज करणाऱ्याचे शिक्षण काय आणि त्याचा नोंदणी क्रमांक काय, हे मात्र लिहिलेले नसते. बसस्टँडच्या मुतारीतही याच जाहिराती चिकटवलेल्या असतात. वाचणारा इकडेतिकडे पाहतो आणि गुपचूप नंबर उतरवून घेतो.

या जाहिराती इतकी वर्षे चालतात, त्यामागे आपला भोळेपणा कमी आणि आपली लाज जास्त आहे. जे दुखणे घरात बायकोला सांगता येत नाही, ते अनोळखी डॉक्टरपुढे कसे सांगायचे? सांगितले तर तो तपासायला आडवे पडायला सांगेल. त्यापेक्षा पुडी बरी, मलम बरे, नाहीतर ओळखीच्या मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या बऱ्या. चार दिवस बरे वाटते, रक्त थांबते, माणूस कामाला लागतो. महिन्याभराने पुन्हा तेच.

शौचावाटे रक्त पडते म्हणजे मूळव्याध झाली, हे आपल्याकडे जणू ठरूनच गेले आहे. बहुतेक वेळा ते खरेही असते. मूळव्याध आणि फिशर हे दोन्ही अतिशय सर्रास आढळणारे आजार आहेत आणि ते जिवावर बेतणारे नाहीत. पण काही जणांत ते रक्त मूळव्याधीचे नसते. ते गुदाशयातल्या गाठीचे असते, आतड्याच्या सुजेचे असते, कधी क्षयरोगाचे असते. वरून दिसणारे रक्त सारखेच. कोणते कशाचे, हे रुग्णाला कळत नाही, मेडिकलवाल्याला कळत नाही आणि नुसते ऐकून डॉक्टरलाही कळत नाही. ते तपासूनच कळते. त्या पहिल्या तपासणीला लागतो एक हातमोजा, थोडी जेली, एक पडदा आणि दोन मिनिटे.

आज जे सांगायचे आहे ते एवढेच : बोटाने तपासल्याशिवाय मूळव्याधीचे औषध कोणी घेऊ नये आणि कोणत्याही डॉक्टरने ते देऊ नये. हा नियम खान्देशातल्या प्रत्येक दवाखान्यात पाळला गेला, तर मोठ्या यंत्रांवर एक रुपयाही खर्च न करता कित्येक जीव वाचतील.

हे कसे, ते समजण्यासाठी आतड्याची रचना थोडी पाहू. लहान आतडे साधारण सहा मीटर लांब असते. त्यापुढे सुमारे दीड मीटरचे मोठे आतडे येते. पोटाच्या उजव्या बाजूने वर जाऊन, आडवे होऊन, ते डाव्या बाजूने खाली उतरते. त्याचा शेवटचा बारा ते पंधरा सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. डॉक्टरचे बोट आत सात-आठ सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. म्हणजे गुदाशयाचा निम्माअधिक भाग कोणत्याही यंत्राशिवाय चाचपता येतो. भारतात मोठ्या आतड्याचे जे कर्करोग आढळतात, त्यात गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटा मोठा आहे. यातल्या कितीतरी गाठी बोटाला लागतात. मूळव्याधीचा कोंब मऊ असतो, दाबला की दबतो. कर्करोगाची गाठ टणक, खडबडीत असते आणि बाहेर काढलेल्या हातमोज्याला रक्त दिसते. हा फरक शिकलेल्या बोटाला लगेच कळतो.

आतड्याचा कर्करोग हा आपल्याकडचा आजारच नाही, असे काही जण म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे. जगात दरवर्षी सुमारे १९ लाख लोकांना मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो. भारतात हा आकडा ६५ ते ७० हजारांच्या आसपास धरला जातो. लोकसंख्येच्या मानाने तो पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आहे. महाराष्ट्राकडे याच्या जुन्या नोंदी आहेत. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. खेड्यात हा कर्करोग शहरापेक्षा कमी आढळतो, हे बार्शीच्या नोंदींतून दिसत आले आहे. भाकरी, डाळी, पालेभाज्या आणि दिवसभराचे अंगमेहनतीचे काम यांचा त्यात वाटा असावा, असे तज्ज्ञ मानतात. आपली कळण्याची भाकरी या दृष्टीने चांगलीच आहे.

पण प्रमाण कमी आहे, या बोलण्याने एक नुकसानही होते. आजार कमी म्हणून डॉक्टरच्या मनात तो पटकन येत नाही, आणि रुग्णाच्या मनात तर येतच नाही. शिवाय आपल्याकडचे रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा तरुण असतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात आलेल्या रुग्णांच्या अभ्यासात त्यांचे सरासरी वय पन्नाशीच्या आतले निघाले. अमेरिकेत आता पंचेचाळिसाव्या वर्षापासून निरोगी माणसांचीही तपासणी करायला सांगतात. आपल्याकडे पस्तिशी-चाळिशीतला माणूस रक्त पडते म्हणून आला, तर ‘या वयात कर्करोग कुठला’ असे म्हणून त्याची बोळवण होण्याची शक्यता जास्त.

सगळ्यांची सरसकट दुर्बीण करावी, अशी मागणी आम्ही करत नाही. ज्या देशात हा आजार तुलनेने कमी आहे आणि दुर्बीण करणारे हातही कमी आहेत, तिथे ते परवडणार नाही आणि शहाणपणाचेही ठरणार नाही. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी होते. आतड्याचा त्यात समावेश नाही. ते समजण्यासारखे आहे. पण मग एक जबाबदारी वाढते. निरोगी माणसांची चाळणी होत नसेल, तर ज्याला लक्षण दिसते आहे त्याला तरी न तपासता परत पाठवता कामा नये. आपल्याकडे लक्षण हीच चाळणी आहे.

न तपासता परत गेलेल्या रुग्णाची पुढची वाट प्रत्येक सर्जनच्या ओळखीची आहे. वय पंचेचाळीसच्या आसपास, कोरडवाहू चार-पाच एकर. पावसाळ्यात रक्त दिसू लागते. मिरची जास्त झाली असेल म्हणून दोन दिवस शेवभाजी बंद. मग मेडिकलची गोळी. दिवाळीत त्रास वाढतो, पण कापूस वेचणी तोंडावर असते, तेव्हा ‘वेचणी झाली की दाखवू’. मधल्या काळात भिंतीवरच्या नंबराला फोन होतो, काही हजार रुपये जातात. संडासला पाच-सहा वेळा जावे लागते, तरी पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. वजन उतरते, पँटचा पट्टा दोन भोके आत जातो. संक्रांतीनंतर कोणीतरी त्याला जिल्ह्याच्या गावी नेते आणि तिथे पहिल्यांदा एखादा डॉक्टर हातमोजा घालतो. तोवर सहा-सात महिने गेलेले असतात.

त्या महिन्यांचा हिशेब कडक असतो. गाठ आतड्याच्या भिंतीपुरती असताना सापडली, तर अमेरिकेतल्या नोंदींनुसार दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. यकृतात किंवा फुप्फुसात पसरल्यावर सापडली, तर दहापैकी जेमतेम एक-दोन. आजार तोच, शस्त्रक्रियाही जवळजवळ तीच, फरक फक्त वेळेचा. बहुतेक गाठी आधी मांसाचा छोटा अंकुर म्हणून सुरू होतात आणि त्याचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे जातात. एवढी मुदत देणारे कर्करोग फार थोडे आहेत.

स्त्रियांच्या बाबतीत हा उशीर आणखी वाढतो. रक्त गेले की ते पाळीचे असेल, असे आधी धरले जाते. अशक्तपणा आला तर लोहाच्या गोळ्या मिळतात, आणि रक्त कशामुळे कमी झाले हे विचारले जात नाही. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठीतून रक्त थोडे थोडे झिरपते. ते डोळ्याला दिसत नाही. हिमोग्लोबिन उतरणे हेच तिथे पहिले लक्षण असते. पाळी थांबलेल्या बाईचे किंवा कोणत्याही पुरुषाचे रक्त विनाकारण कमी झाले, तर आतड्याची तपासणी व्हायलाच हवी. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. तिथे रक्त कमी दिसले की सिकलसेलवर बोट ठेवून थांबण्याचा मोह होतो. सिकलसेल असलेल्या माणसालाही दुसरा आजार होऊ शकतो, हे विसरून चालणार नाही. आणि तपासणारी डॉक्टर बाई असेल, निदान सोबत परिचारिका उभी असेल, तर कितीतरी बाया तपासायला तयार होतात. ज्या दवाखान्यात पडदाच नाही, तिथे लाजेला दोष देण्यात अर्थ नाही.

भिंतीवरच्या जाहिरातींत ‘आयुर्वेदिक’ हा शब्द हमखास असतो. म्हणून हेही सांगायला हवे की, सुश्रुतसंहितेत ‘अर्शोयंत्र’ नावाच्या साधनाचे वर्णन आहे. गाईच्या सडाच्या आकाराची ही नळी, आत पाहण्यासाठी आणि उपचार करण्यासाठी तिला छिद्रे. आजच्या प्रॉक्टोस्कोपची ती पणजीच म्हणायची. तेव्हाचा वैद्यही आधी पाहत होता आणि मग क्षार, अग्नी की शस्त्र ते ठरवत होता. भगंदरासाठीचे क्षारसूत्र आजही शिकलेले वैद्य वापरतात, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याची रीतसर चाचणीही घेतली आहे. तेव्हा वाद आयुर्वेद की ॲलोपॅथी असा नाहीच. न पाहता इलाज करणारा माणूस कोणत्याच शास्त्राचा नसतो. काही ठिकाणी तर जागेवर दाहक औषध लावतात किंवा कसलेसे इंजेक्शन देतात. त्याने जखम चिघळते, शौचाची जागा आकसते आणि मूळ आजार आत वाढतच राहतो.

आता दुसऱ्या आजाराकडे वळू. तो खास आपल्या देशाचा आहे : आतड्याचा क्षयरोग. क्षय म्हणजे छातीचा, खोकल्याचा, असे आपल्या डोक्यात बसले आहे. पण तो आतड्यालाही होतो. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, त्या पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तो जास्त करून बसतो. संध्याकाळचा बारीक ताप, भूक मरणे, वजन उतरणे, जेवल्यावर पोटात मुरडा आणि गुडगुड, कधी उजव्या बाजूला हाताला लागणारा गोळा, अशी त्याची लक्षणे. गावाकडची म्हातारी माणसे अहिराणीत ‘मन्हं पोट दुखस’ एवढेच म्हणतात, आणि समोरचा अॅसिडिटीची गोळी देऊन मोकळा होतो. क्रोन्स नावाचा आतड्याच्या सुजेचा आजार हुबेहूब असाच दिसतो आणि त्याचे औषध बरोबर उलटे आहे. क्रोन्समध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात. क्षयरोगाच्या रुग्णाला तीच दिली तर क्षय भडकतो. म्हणून इथे दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घेऊन तो तपासण्याला पर्याय नाही.

दुर्बीण हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. कोलोनोस्कोपीत शौचाच्या जागेतून लवचीक नळी आत घालून मोठे आतडे आतून पाहतात. आदल्या दिवशी जुलाबाचे औषध पिऊन पोट पूर्ण रिकामे करावे लागते. तपासणीपेक्षा तोच भाग जास्त कंटाळवाणा. लॅप्रोस्कोपीत पोटावर छोटे छेद घेऊन बाहेरच्या बाजूने आतडी, यकृत, पोटाचे आवरण पाहतात. ही दुसरी पद्धत भारतात रुजवली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी. १९७२ पासून ते तिथे लॅप्रोस्कोपीने पोटाच्या आजारांचे, त्यातही पोटाच्या क्षयरोगाचे निदान करू लागले. १९९० मध्ये त्यांनी देशातली पित्ताशयाची पहिली लॅप्रोस्कोपिक शस्त्रक्रियाही केली. हे श्रीमंतांचे खेळणे आहे, अशी टीका त्यांच्यावर झाली. त्यांचे म्हणणे उलट होते. मोठा छेद टळला तर हातावर पोट असलेला माणूस लवकर घरी जातो आणि लवकर कामाला लागतो, म्हणून गरिबालाच याची जास्त गरज आहे. सरकारी रुग्णालयात दुर्बीण कशाला, असे आजही ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आतड्याचा क्षयरोग वेळेत ओळखला तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागतच नाही. साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी तो बरा होतो. औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये आहारासाठी मिळतात. उशीर झाला तर मात्र आतडे आकसून बंद होते किंवा फुटते, आणि मग पोट उघडण्यावाचून इलाज उरत नाही.

इथवर आपण महिन्यांचा हिशेब पाहिला. आतड्याच्या काही आजारांत हिशेब तासांचा असतो. आतडे अडकले की चार गोष्टी दिसतात : कळ येऊन येऊन दुखणारे पोट, उलट्या, पोटाची फुगी, आणि संडास तर नाहीच, पण वायूही न सरकणे. हर्नियाचा गोळा आत जाईनासा झाला आणि दुखू लागला, तरी तेच. विषमज्वर अंगावर काढला तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याला भोक पडू शकते. अचानक असह्य कळ येते आणि पोट लाकडासारखे कडक होते. ॲपेंडिक्सचे दुखणे बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांत उजव्या बाजूला खाली सरकते. लहान बाळ कळवळून रडते, पाय पोटाशी घेते आणि शीत लालसर चिकट होते, तेव्हा आतड्यात आतडे शिरलेले असू शकते.

अशा वेळी आपल्याकडे काय होते? बेंबी सरकली म्हणून पोट चोळले जाते. संडास होत नाही म्हणून एरंडेल पाजले जाते. अडकलेल्या आतड्यावर एरंडेल म्हणजे तुंबलेल्या नळीत आणखी जोराने पाणी सोडणे. चोळल्याने सुजलेले ॲपेंडिक्स फुटू शकते. मग गावातला कोणी सलाईन लावतो, दुखणे दबण्याचे इंजेक्शन देतो, आणि रात्र निघून जाते. सकाळी रुग्ण धुळ्यात किंवा जळगावात पोहोचतो तेव्हा आतड्याचा रक्तपुरवठा तुटून ते काळे पडलेले असते. जे काम एका टाक्याने भागले असते, त्यासाठी हातभर आतडे कापावे लागते आणि रुग्ण अतिदक्षता विभागात जातो. पोट सहा तासांपेक्षा जास्त सतत दुखत असेल, सोबत उलटी, फुगी किंवा ताप असेल, तर तोंडाने काही न देता १०८ ला फोन करावा, एवढे तरी प्रत्येक घरात माहीत हवे.

शस्त्रक्रियेची भीती हा उशिराचा आणखी एक धागा. त्यातही सगळ्यात मोठी भीती पोटावरच्या पिशवीची. शिवलेल्या आतड्याला विश्रांती देण्यासाठी किंवा गुदाशय पूर्ण काढावा लागला म्हणून सर्जन आतड्याचे तोंड पोटावर आणतो. त्यावर पिशवी लावतात. कितीतरी रुग्णांत ही सोय तात्पुरती असते. काही महिन्यांनी आतडे परत जोडून तोंड बंद करतात. गाठ लवकर सापडली आणि आधी किरणोपचार व औषधोपचार देऊन ती आकसली, तर शौचाची जागा वाचवून शस्त्रक्रिया होऊ शकते. ज्याला पिशवीची भीती वाटते, त्याने म्हणूनच लवकर यायला हवे. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला कायमची पिशवी येण्याची शक्यता जास्त.

आणि कायमची आली तरी आयुष्य संपत नाही. पिशवी लावून माणसे शेतात जातात, एसटी चालवतात, लग्नात पंगतीला बसतात. अडचण येते ती वेगळीच. पिशव्या महाग पडतात, तालुक्याच्या गावी मिळत नाहीत, आणि त्या कशा लावायच्या हे शिकवायला कोणी नसते. मग रुग्ण जुने फडके बांधतो, कातडी सोलते, वास येतो, आणि तो माणूस घरातल्या घरात कोपऱ्यात जातो. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा रुग्णांसाठी काम करते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पिशवीची काळजी शिकलेली एक-एक परिचारिका असली, तरी शस्त्रक्रियेनंतरचे निम्मे दुःख हलके होईल.

पैशांचे काय? हा प्रश्न रास्त आहे. राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होते. जळगावला ती पुढच्या वर्षी, उरलेल्या जिल्ह्यांबरोबर मिळाली. तीच आज महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते आणि आयुष्मान भारतशी जोडली गेली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. निदान होईपर्यंतच्या चकरा, प्रवास, बुडालेली मजुरी आणि बाहेरच्या तपासण्या यांचा भार रुग्णावरच पडतो. किरणोपचारासाठी अनेकांना नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते. टाटा रुग्णालयाच्या वाऱ्या करणाऱ्या खान्देशातल्या कुटुंबांना दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा माहीत असते. तिथे पोहोचण्याआधीच घरातली एखादी गाय विकली गेलेली असते.

म्हणून निदान जितके घराजवळ, तितके बरे. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून आहे. जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. दोन्ही जिल्ह्यांत खासगी वैद्यकीय महाविद्यालयेही आहेत. शिकवणारे सर्जन आहेत, शिकणारी मुले-मुली आहेत. या संस्थांकडून आमच्या अपेक्षा अवाजवी नाहीत. पहिली, प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात पडदा, हातमोजे, जेली आणि प्रॉक्टोस्कोप असावा, आणि रक्ताची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘बोटाने तपासले’ ही नोंद असल्याशिवाय औषध लिहिले जाऊ नये. दुसरी, दोन्ही शासकीय महाविद्यालयांनी कोलोनोस्कोपीचे ठरलेले वार जाहीर करून ते तालुक्याच्या दवाखान्यांना कळवावेत. म्हणजे यावल किंवा शिरपूरहून निघालेल्या माणसाची फेरी फुकट जाणार नाही. तिसरी, योजनेच्या आरोग्यमित्रांनी कागदपत्रांची यादी निदानाच्या दिवशीच हातात द्यावी. चौथी, आशाताईंच्या प्रशिक्षणात ‘शौचावाटे रक्त’ हा विषय यावा. घराघरात जाऊन हे बोलू शकेल अशी दुसरी व्यक्ती आपल्याकडे नाही.

पाचवी अपेक्षा प्रशासनाकडून. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणे हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ नुसार गुन्हा आहे. बोगस डॉक्टर शोधण्यासाठी जिल्हा आणि तालुका पातळीवर समित्याही आहेत. त्यांना शोधायला फार लांब जावे लागणार नाही. नंबर भिंतीवर लिहिलेला आहे.

डॉक्टर मंडळींनाही दोन शब्द. तालुक्याच्या ओपीडीत दिवसाला शंभर रुग्ण येतात, वेळ नसतो, हे मान्य. रुग्ण नको म्हणतो, हेही मान्य. पण ‘तपासायचे आहे’ असे खालच्या आवाजात, बाकीच्यांना बाहेर थांबवून सांगितले, का तपासायचे ते एका वाक्यात सांगितले, तर नाही म्हणणारे फार थोडे असतात. सर्जरीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवतात की, ही तपासणी टाळणाऱ्याला पुढे पस्तावावे लागते. परीक्षेत हे उत्तर सगळे बरोबर लिहितात.

वाचकांनी आपल्यापुरते एवढे लक्षात ठेवावे. रक्त एकदाही दिसले तरी दाखवा. चाळिशीनंतर दिसले, किंवा रक्तातल्या नात्यात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर बोटाच्या तपासणीवर न थांबता दुर्बिणीबद्दल विचारा. संडासची सवय तीन-चार आठवड्यांपासून बदलली असेल, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, पोट साफ झाल्यासारखे न वाटणे, वजन उतरणे, रक्त कमी होणे, यातले काहीही असेल तर दाखवा. मूळव्याध आधीपासून आहे म्हणून गाफील राहू नका. मूळव्याध असलेल्यालाही गाठ होऊ शकते. आणि डॉक्टरने न तपासता चिठ्ठी लिहिली, तर तुम्हीच म्हणा : ‘साहेब, एकदा तपासून घ्या.’ हे म्हणण्यात उद्धटपणा नाही.

यंदाची वेचणी होईल, केळीचा माल निघेल, आणि दरवर्षीप्रमाणे काही माणसे तोवर थांबतील. घरात असे कोणी असेल, पँटचा पट्टा आत आत चाललेला, संडासहून आल्यावर गप्प बसणारा, तर त्याला आजच विचारा. तो स्वतःहून सांगणार नाही.